पुलंचा कार्यक्रम मुलांसाठी करायचाय, नुसतं कथाकथन लावायचं का?

इंदिरानगर_वाचनकट्टा
नमस्कार मंडळी. ८ नोव्हेंबरला पु. ल. देशपांडे यांची जयंती. आमच्या कट्ट्यावर दीड तासाचा कार्यक्रम ठरलाय. सातवी-आठवीपासून कॉलेजपर्यंतची मुलं येतील, सोबत त्यांचे आजी-आजोबा. आजी-आजोबांना सगळं तोंडपाठ, आणि मुलांना पुलं म्हणजे विनोद सांगणारे एवढंच ठाऊक. स्पीकर आहे, प्रोजेक्टर आहे, एक पेटीही (हार्मोनियम) आहे. काय करावं?

सिडकोकर
सरळ 'म्हैस' लावा. एसटीसमोर म्हैस आली की मुलं हसायला लागतात, समजावून सांगायची गरज नाही. मग 'अंतू बर्वा'. दीड तास कधी गेला कळणारसुद्धा नाही.

पंचवटीचा_पेटीवाला
'म्हैस' हवीच, पण सुरुवात तिथून करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण पुलंना कथाकथनापुरतं ठेवलंय, आणि त्यामुळे ते कथाकथन इतकं चांगलं का होतं हेच मुलांपर्यंत पोचत नाही.

सुरुवात 'नाच रे मोरा'ने करा. बालवाडीत यावर न नाचलेलं मूल नाशकात सापडायचं नाही. शब्द गदिमांचे, आवाज आशाबाईंचा, आणि चाल पुलंची, १९५३ च्या 'देवबाप्पा'तली. गाणं आधी होऊ द्या, नाव मागाहून सांगा. त्याच वर्षी 'गुळाचा गणपती' आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नाऱ्याची मुख्य भूमिका, सगळं एकाच माणसाचं. भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' त्याच चित्रपटातलं. एवढं प्रोजेक्टरवर दाखवलंत तरी आजोबा खुर्चीत पुढे सरकून बसतील.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. मी भजनाला आणि शाळेच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करतो. साथीदाराचा कान सतत दुसऱ्याच्या गळ्यावर असतो. गायकाने जागा (सुरांचं एखादं सुंदर वळण) घेतली की ती तशीच बोटांतून काढायची, तो श्वास घेतो तेवढा वेळ सूर धरून ठेवायचा, आणि त्याच्या पुढे कधी जायचं नाही. पुलंनी वसंतराव देशपांड्यांसारख्या गायकाला साथ केली आहे. त्यांचं कथाकथन मी ऐकतो तेव्हा मला तोच कान ऐकू येतो. अंतू बर्व्याचा रत्नागिरीचा हेल आणि त्यांच्याच दुसऱ्या व्यक्तिचित्रातल्या रावसाहेबांचं कानडी वळणाचं बेळगावी मराठी, यांत शब्दांचा फरक आहेच, पण मोठा फरक सुरावटीचा आहे. वाक्य कुठे उचलायचं, कुठे सोडायचं, कुठला स्वर लांबवायचा. पुलंची नक्कल करणारे वाक्यं पाठ करतात आणि ही चाल त्यांच्या हातून निसटते, म्हणून ते कोरडं वाटतं. मुलांना सांगा, हशा नेमका कुठे येतो तिकडे लक्ष ठेवा. पुष्कळदा तो शब्दाच्या आधीच्या थांब्यावर येतो. तबल्यात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तसंच हे.

मग 'बटाट्याची चाळ'. १९६१ पासून रंगमंचावर एकटा माणूस अख्खी चाळ उभी करत होता, वेष न बदलता. मुलांनी हे ऐकावं असं मला फार वाटतं, कारण हल्ली शाळेतल्या एकपात्री स्पर्धेत पोरं आधी टोपी आणि काठी शोधतात.

रंगमंच_गंगापूररोड
पेटीवाले काका, खूप छान लिहिलंत. मी कॉलेजच्या नाटकांतून काम करते, म्हणून माझी भर: 'ती फुलराणी' वगळू नका. हे नाटक मूळ बर्नार्ड शॉचं, १९७५ मध्ये पुलंनी मराठीत आणलं, आणि नायिका मंजुळा केली भक्ती बर्वे यांनी. त्यातलं मंजुळेचं स्वगत एखाद्या मुलीला करू द्या. फक्त तिला व्हिडिओ बघून बसवू नका, संहिता हातात द्या. मंजुळेची बोली नीट वाचली की हातवारे आपोआप येतात. आमच्याकडे सगळ्या मुली भक्तीताईंचा आवाज काढायला जातात आणि मंजुळा राहूनच जाते.

इंदिरानगर_वाचनकट्टा
ताई, आठवीतली एक मुलगी आहे, बोलायला एकदम ठसकेबाज, तिला आजच संहिता देतो. काका, गाण्यांना अर्धा तास दिला तर आजी-आजोबा म्हणतील, 'अंतू बर्वा' कुठाय?

पंचवटीचा_पेटीवाला
'अंतू बर्वा' शेवटी ठेवा, पूर्ण ठेवा, मध्ये कापू नका. त्याऐवजी 'म्हैस' थोडी कमी करा (सिडकोकर, राग मानू नका). आणि मध्ये कोणीतरी दोन मिनिटं उभं राहून एवढं जरूर सांगा, की पन्नाशीला आल्यावर हा माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला, आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं त्यामागे पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंची देणगी होती. कॉलेजच्या मुलांना हे कळलंच पाहिजे.

सिडकोकर
राग कसला. 'म्हैस' अर्धीच लावा, पण इन्स्पेक्टर येईपर्यंत तरी राहू द्या.

इंदिरानगर_वाचनकट्टा
ठरलं. काका, त्या संध्याकाळी पेटीवर बसाल का? 'नाच रे मोरा' मुलांकडूनच गाऊन घेऊ.

पंचवटीचा_पेटीवाला
आनंदाने. तुमच्या पेटीचा भाता आधी तपासून ठेवा. मुलांचे आवाज काळी चारला (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) बसतात का तेही बघा, ओढाताण होत असेल तर खाली उतरू. तबल्यावर केरवा (आठ मात्रांचा ताल) धरणारं कोणी मिळालं तर बघा, नाही मिळालं तर मुलं टाळ्यांवर धरतील.