निआर्कस : खरा दर्यावर्दी की राजाच्या मर्जीतला दरबारी?

सुकाणू : सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखातापर्यंतच्या सफरीमुळे (इ.स.पू. 325) निआर्कसला थोर आरमारप्रमुख म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. जन्माने क्रीटचा, पण ओळख अलेक्झांडरचा जुना मित्र हीच. 334 मध्ये त्याला लिसियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) सत्रप म्हणजे सुभेदार नेमलं, पुढे बॅक्ट्रियात (आजचा उत्तर अफगाणिस्तान) तो भाडोत्री सैनिक घेऊन आला. यात आरमार कुठे आहे? शिवाय निघाला तो नैर्ऋत्य मोसमी वारा पडण्याआधीच. मग आजच्या कराचीजवळ 24 दिवस खोळंबा, खायला शिंपले आणि प्यायला मचूळ पाणी. पुढे वादळात तीन जहाजं बुडाली ती वेगळीच.

तांडेल : लवकर निघाला, कारण अलेक्झांडरची पाठ वळताच स्थानिक टोळ्या उठल्या होत्या. थांबला असता तर तळावरच कापला गेला असता. आणि पाण्याचं गणित मांडा. तीस वल्ह्यांची नाव, उन्हात वल्हवणाऱ्याला दिवसाला निदान 5 लिटर. म्हणजे नुसत्या वल्हेकऱ्यांना दिवसाला 150 लिटर. अरुंद नावेत चार-पाच दिवसांचं पाणी मावणार कुठे? म्हणून किनारा धरून जायचं आणि विहीर दिसेल तिथे उतरायचं.

उतरणंही सोपं नव्हतं. वाटेतल्या तोमेरोस नदीपाशी सहाशे स्थानिक लोक आगीत टोकं कडक केलेले भाले घेऊन उभे होते. निआर्कसने हलक्या शस्त्रांचे पोहणारे निवडले आणि पाय टेकताच पाण्यातच थांबा, तीन रांगा झाल्याशिवाय पुढे सरकू नका, असा हुकूम दिला. रांगा लागल्या, मग हल्ला. त्याच वेळी जहाजांवरून बाणांचा मारा. एकेक जण किनाऱ्याकडे धावला असता तर सगळे भोसकले गेले असते.

सुकाणू : हे पायदळाचं डोकं झालं. वाट दाखवायला मोसार्ना बंदराहून गेद्रोसियाचा (आजचं बलुचिस्तान) हायड्रेसीस घ्यावाच लागला ना?

गलबत : अनोळखी किनाऱ्यावर स्थानिक वाटाड्या घेणं हाच शहाणपणा. पण निआर्कसची खरी परीक्षा मुसंदमच्या भूशिराशी झाली. ताफ्याचा मुख्य सुकाणूधारी ओनेसिक्रिटस म्हणाला, समोर अरबस्तानाच्या बाजूला वळू. निआर्कसने नकार दिला: हुकूम किनारा, बंदरं आणि पाण्याच्या जागा पाहण्याचा आहे, पलीकडे निर्जल वाळवंट. ताफा तिकडे गेला असता तर तहानेने मेला असता. उलट तो इराणच्या किनाऱ्यावरच्या हार्मोझियाला सुखरूप पोचला.

सुकाणू : हा प्रसंग नंतरच्या काळातल्या एरियन या ग्रीक इतिहासकाराने निआर्कसच्याच लेखनावरून दिलाय, त्यात ओनेसिक्रिटस मूर्ख ठरणारच! इराणमधल्या सुसा शहरात 324 साली सोन्याचा मुकुट दोघांनाही मिळाला, हे कसं विसरता?

तांडेल : विसरलो नाही. पण अरबस्तानच्या मोहिमेचं आरमार कोणाकडे होतं? 323 मध्ये बॅबिलोनला तापाने अंथरुणाला खिळलेला अलेक्झांडर निघण्याच्या सूचना निआर्कसलाच देत होता. मुकुट मर्जीने मिळतो. दुसऱ्यांदा सगळा ताफा हाती देताना राजा पहिल्या सफरीतून किती जहाजं परत आली ते पाहतो.