भाचा बोलत नाही, चित्रं काढून देतो. उत्तर कसं द्यावं? सल्ला हवा

लिफ्टमामा:
भाचा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. तोंडून शब्द मोजकेच, तेही रोज येतीलच असं नाही. चित्रं मात्र दिवसभर. सध्या लिफ्ट चालू आहे: बंद दार, अर्धवट उघडं दार, दारात अडकलेली पिशवी, वर मजल्याचा आकडा. काढून झालं की कागद माझ्या मांडीवर ठेवतो आणि निघून जातो. कधी माझं बोट धरून एखाद्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवतो.

घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते, तो काहीतरी सांगतोय आणि आपण नुसतं "छान हं" म्हणतोय. भावोजींना कोणीतरी सांगितलंय की कागद लपवून ठेवा, तोंडाने मागितला तरच द्या. पुरावा म्हणून ते स्टीफन विल्टशायर या ऑटिस्टिक चित्रकाराचं नाव घेतात.

तर चित्राला उत्तर कसं द्यायचं? सोबत चित्रांचा तक्ता किंवा बोलणारं अ‍ॅप सुरू करावं का? म्युझिक थेरपीचा कोणाला अनुभव? "याने हमखास बरा होईल" छापाचे सल्ले नकोत, ते घरपोच मिळतात.

रेघोटी:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे. एरवी बोलते, फार दमले की शब्द येत नाहीत, मग घरच्यांशी कागदावरच चालतं. त्यामुळे ठामपणे सांगते, मांडीवर ठेवलेला कागद म्हणजे बोलून झालं. आता पाळी तुमची. शाबासकी हे त्यावरचं उत्तर नव्हे.

वेगळा कागद घ्या आणि तुमची लिफ्ट काढा. वाकडी आली तरी चालेल. त्याच्या कागदावर मात्र रेघ मारू नका, मोठी माणसं हे सर्रास करतात आणि डोक्यात जातं. कागद त्याच्या जवळ ठेवा आणि गप्प बसा. "हे काय? आत कोण आहे? कितवा मजला?" ही तोंडी परीक्षा झाली.

दुसरं, प्रत्येक लिफ्टमध्ये गुपित शोधू नका. लिफ्ट आवडते म्हणून लिफ्ट, असंही असतं. आवडलेली गोष्ट आणून समोर ठेवायची, बास. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा जिव्हाळा असाच दिसतो. आणि कळत नसेल तर दोष एकट्या त्याचा नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये हेच मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं.

ठोकताळा:
विल्टशायरचं खरं आहे की. लहानपणी बोलत नव्हता, शाळेत त्याचं चित्रांचं साहित्य काही काळ काढून घेतलं आणि पहिला शब्द आला, "पेपर". परिणाम दिसतोय तर भावनेच्या भरात कशाला नाकारायचं?

वाचावाट:
मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. @ठोकताळा, गोष्ट खरी, पण एका मुलाच्या गोष्टीवरून पद्धत ठरत नाही. असंच केल्यावर किती मुलांनी मागणंच सोडून दिलं, त्यांच्या गोष्टी कोण सांगणार? आणि आज जग विल्टशायरला ओळखतं ते हेलिकॉप्टरची एक फेरी मारून अख्खं शहर आठवणीतून काढतो म्हणून, "पेपर" म्हणाला म्हणून नव्हे. कागद लपवू नका, एवढंच भावोजींना सांगा.

तक्ता किंवा अ‍ॅप जरूर सुरू करा. "आयतं मिळालं की बोलायचा कंटाळा करेल" ही भीती निराधार आहे. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

निवडताना एक बघा. पेक्स ही बॉन्डी आणि फ्रॉस्ट यांची १९८५ची पद्धत, तिची सुरुवात चित्र देऊन वस्तू मागण्यापासून होते. तुमचा भाचा मागत नाहीये, दाखवतोय. म्हणून खाऊ-खेळण्यांच्या चित्रांइतकेच "बघ", "परत", "थांब", "नको", "मस्त", "चुकलं" हे शब्द तक्त्यावर हवेत, आणि घरात बोलता त्याच भाषेत हवेत. तुम्ही बोलताना स्वतः त्यावर बोट ठेवत जा. त्याने ठेवलंच पाहिजे असा हट्ट नको.

हात धरून टाइप करून घेणाऱ्या पद्धती कोणी सुचवल्या तर सरळ नाही म्हणा. चाचण्यांत मजकूर आधार देणाऱ्याच्या मनातला निघाला, आणि अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये त्याविरुद्ध भूमिका घेतली आहे. तुमच्याकडे उलट आहे. हात तुमचा, चालवणारा तो. ते चालू द्या.

समेवर:
म्युझिक थेरपीबद्दल: नऊ देशांतल्या ३६४ ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत फरक दिसला नाही. लक्षणं घटवायला म्हणून घालणार असाल तर राहू द्या. त्याला मजा येत असेल तर अवश्य घाला. पहिल्या दिवशी एवढंच बघा, तो गुणगुणला की थेरपिस्ट त्याच सुरात उत्तर देतात की "आता ढोलकी वाजव बघू" म्हणतात. दुसऱ्या प्रकारातले असतील तर परत जाऊ नका.

लिफ्टमामा:
सगळ्यांचे आभार. @रेघोटी, काल वेगळ्या कागदावर लिफ्ट काढून ठेवली. बराच वेळ ढुंकून पाहिलं नाही. मग येऊन माझ्या लिफ्टचं वर जायचं बटण खोडलं आणि खाली जायचं काढलं. मी तळमजल्याची लिफ्ट काढली. त्यावर हात फडफडवत घरभर फेरी झाली! भावोजी बघत होते, काही बोलले नाहीत.

आता आणखी एक. त्याच्या शाळेला ही चित्रं प्रदर्शनात लावायची आहेत. द्यावीत का?

रेघोटी:
बटण खोडलं म्हणजे वाद घातला तुमच्याशी, भारीच!

प्रदर्शनाचं त्यालाच विचारा. भिंतीवर दोन चित्रं लावून दाखवा, दोन त्याच्या खणात ठेवा, मग बाकीची त्याला वाटून घेऊ द्या. सगळी खणात गेली तर विषय संपला. काही भिंतीवर आली तरी मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, मधलाच एखादा मजला हरवला तर घरात काय होईल ते तुम्हीच जाणता. आणि "लिफ्ट म्हणजे त्याच्या मनाचं बंद दार" असली पाटी खाली लागू देऊ नका. ज्युडिथ स्कॉटला डाउन सिंड्रोम होता, ऐकू येत नव्हतं, पस्तीसेक वर्षं संस्थेत काढली, आणि १९८७ पासून ती ओकलंडच्या एका कलाकेंद्रात वस्तूंभोवती दोरे गुंडाळून शिल्पं करत गेली. त्यांचा अर्थ तिने कधीच कोणाला सांगितला नाही, तरी ती शिल्पं आज संग्रहालयांत आहेत. पाटीवर त्याचं नाव आणि "लिफ्ट" एवढं पुरे. नावसुद्धा त्याला चालत असेल तरच.