गाडी कशावर शिकलात: ऑटोमॅटिक की गियरची?

भाची गाडी शिकायची म्हणते. घरात दोन तट: "आधी गियरचीच" आणि "आता कशाला तो व्याप?" मतं घरात भरपूर आहेत, अनुभव हवेत. शिकताना नेमकं काय अडलं, ते लिहा.

■ गियरवर शिकले. सुरुवातीला ॲक्सिलरेटरला पाय लावूच दिला नाही. सपाट जागेत नुसता क्लच हळूहळू सोडायचा; इंजिनचा आवाज जड झाला, गाडी किंचित थरथरली की पाय तिथेच थांबवायचा. ती जागा पायाला कळली आणि गाडी बंद पडणं जवळजवळ संपलं. चढावरही तेच: हँडब्रेक ओढलेला, क्लच त्या जागेवर, थोडा ॲक्सिलरेटर, गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडा. हे ज्यांना कुणी सुटं करून शिकवत नाही, तेच गियरला घाबरतात. (मतं नको म्हणालात, तरी.)

■ मी ऑटोमॅटिकवर. डोकं मोकळं राहतं, त्यामुळे आरसे, मागची रहदारी, वळणाचा अंदाज लवकर जमलं. भाचीला एक आधीच सांगा: 'डी'त (म्हणजे ड्राइव्ह, पुढे जायची स्थिती) टाकून ब्रेक सोडला की बहुतेक गाड्या आपणहून सरकतात. पार्किंगला सोयीचं, पण सिग्नलला पाय ढिला करायचा नाही. डावा पाय पूर्ण सुट्टीवर.

■ गियरवरून आलेल्यांना तेच जड जातं! डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि तिथे रुंद ब्रेक असतो.

■ आमची एएमटी. आत नेहमीचाच गियरबॉक्स आणि क्लच, फक्त ते काम यंत्र करतं. म्हणून गियर बदलताना हलका हिसका बसतो, आणि हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर चढावर मागे घसरू शकते. तेव्हा ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, क्लचप्लेट झिजते.

■ ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्यापुरताच. जर्मनीने २०२१ पासून गियरचे काही धडे घेणाऱ्यांना या बंधनातून सवलत दिली आहे.

■ डावा गुडघा अधू. ऑटोमॅटिक नसती तर शिकलेच नसते.

■ धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. पण घरची गाडी गियरची आहे, दुसरी इतक्यात येणार नाही.

■ मग हे आधी सांगायचं ना! क्लास गियरचाच लावा. आणि प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर लागतो, म्हणून घरच्या गाडीवर आधी मोकळ्या मैदानात सराव करू द्या.