व्हर्लपूल टब: आरसीसीबी असताना अर्थ वायर आणि बॉन्डिंग लागतंच का?

गच्चीवरचा:
ठाण्यातली जुनी इमारत, बाथरूम उखडून नवं करतोय. अ‍ॅक्रिलिकचा व्हर्लपूल टब घेतलाय: 1 एचपी पंप, 1.5 किलोवॅट हीटर. आतली पाइपलाइन सीपीव्हीसी (प्लास्टिक), पण शाफ्टमधून येणारा पाइप जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) आहे आणि टबापासून हातभर अंतरावर भिंतीतून बाहेर येतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "डीबीत (घरातल्या मुख्य स्विचबोर्डात) 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे, तो अर्थ नसला तरी पडतो. टबाखाली 16 अँपियरचं सॉकेट देतो, पुढून टाइल मारून बंद करू." प्लंबर म्हणतो, सगळ्या नळांना अर्थ करा. कोणाचं ऐकू?

तीनपिन:
इलेक्ट्रिशियनचं ऐकू नका. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांच्यातला फरक बघतो. मोटरचं वाइंडिंग बॉडीला टेकलं आणि बॉडीला अर्थ नसेल, तर करंटला जायला वाटच नाही. फरक शून्य, आरसीसीबी पडणार नाही, आणि बॉडी 230 व्होल्टवर तशीच राहणार. वाट मिळेल ती हात लावणाऱ्याच्या अंगातून, तेव्हा तो पडेल. अर्थ वायर असेल तर बिघाड झाला त्या क्षणीच पडतो, टबात माणूस असो वा नसो. शिवाय आरसीसीबी करंट किती वाहतो हे अडवत नाही, फक्त किती वेळ वाहतो ते अडवतो. 10 मिलिअँपियरच्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि ओल्या अंगाला तेवढ्यासाठी फार व्होल्टेज लागत नाही.

तुमचा लोड बघा: हीटर साडेसहा अँपियर, पंप पाचच्या आसपास. टबाला डीबीतून स्वतंत्र सर्किट घ्या. 16 अँपियर सी-कर्व्ह (पंप सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी, त्याच्या जोडीला 25 अँपियर 30 मिलिअँपियरचा टू-पोल आरसीसीबी (तो ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून एमसीबी हवाच). टबाला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर टाइप ए आरसीसीबी घ्या. फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही वायर अडीच चौ. मिमीच्या, अंतर लांब असेल तर चारच्या. डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बाथरूमच्या बाहेर. टबाखाली सॉकेट नकोच: पंपाचं सील गळलं की पहिलं पाणी तिथेच पडतं. केबल ग्लँडमधून थेट टबाच्या टर्मिनल बॉक्समध्ये न्या.

आणि टाइल मारून बंद करणं हा यातला सगळ्यात वाईट सल्ला. पंप, हीटर, अर्थचे लग (वायर स्क्रूखाली बसवायची टोकं) यांच्यापर्यंत हात पोचायलाच हवा. स्क्रूने उघडणारं पॅनेल ठेवा. नुसतं ढकलून उघडणारं नको, हत्यार लागलं पाहिजे.

ओहमकर:
वरच्याशी सहमत. प्लंबरबद्दल: सीपीव्हीसीवर बसवलेल्या क्रोमच्या नळाला बॉन्डिंग (धातूच्या वस्तू वायरने एकमेकांना आणि अर्थला जोडणं) लागत नाही. प्लास्टिकच्या पाइपवरचा नळ बाहेरून कुठलंही पोटेन्शियल आत आणत नाही. उलट त्याला अर्थला बांधलं, तर कोणत्याही बिघाडात करंटला एक जास्तीची वाट मिळते.

तुमचा धोका जीआय पाइपचा आहे. तो इमारतभर फिरून येतो, त्याच्यावर कोणाच्या गीझरचा लीकेज असेल सांगता येत नाही. टबाची बॉडी एका व्होल्टेजवर आणि पाइप दुसऱ्या, अशी परिस्थिती येऊ नये म्हणून बॉन्डिंग. पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथेच, पहिल्या जोडाच्या आधी, रंग आणि गंज घासून पाइप क्लॅम्प लावा. तिथून 4 चौ. मिमी हिरवी वायर टबाच्या अर्थ टर्मिनलला, पंपाच्या बॉडीवरच्या लगला, टबाच्या लोखंडी स्टँडला आणि गीझरच्या अर्थला. जुना बिडाचा ड्रेन पाइप असेल तर तोही. दुसरी कुठली धातूची वस्तू जोडायची का, याचा हिशोब सोपा आहे: 230 व्होल्ट भागिले 10 मिलिअँपियर म्हणजे 23,000 ओहम, त्यातून अंगाचे धरलेले 1,000 वजा. मुख्य अर्थपासून त्या वस्तूपर्यंत 22,000 ओहमहून जास्त आलं तर सोडून द्या.

पाइपलाच अर्थ समजून टब त्याला जोडणं मात्र चालणार नाही. वरच्या मजल्याने मधला तुकडा पीव्हीसीचा टाकला की ती अर्थ गेली.

गच्चीवरचा:
आभार. टाइल लागण्याआधी काय तपासून घेऊ? आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की पडतो.

तीनपिन:
टेस्ट बटणाचा अर्थ वायरशी संबंधच नाही. ते आतल्या रेझिस्टरमधून फरक निर्माण करतं, अर्थ तुटलेली असली तरी पडणारच. मल्टिमीटरवर फेज-अर्थ 230 दिसलं म्हणूनही खात्री धरू नका; मीटर इतका कमी करंट घेतो की सडलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लूप टेस्टर (अर्थच्या पूर्ण वाटेचा रोध मोजणारा) मागवा, नो-ट्रिप मोडवाला, नाहीतर आरसीसीबी पडत राहील.

सप्लाय बंद करून बॉन्डिंगची कॉन्टिन्युटी घ्या. चारच्या वायरला मीटरला साधारण 4.6 मिलिओहम, म्हणजे पाच मीटरला 0.023 ओहम. तिथे 1 ओहम आला तर लग ढिला आहे किंवा क्लॅम्पखाली रंग राहिलाय. इन्सुलेशन 500 व्होल्ट मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने), कंट्रोलर सुटा करून, निदान 1 मेगाओहम.

ओहमकर:
एक भर. लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी 0.0 व्होल्ट आलं तर टर्मिनल बॉक्स उघडून बघा. अर्थ लटकती ठेवून न्यूट्रललाच जोडलेली सापडते. मग न्यूट्रल कुठे तुटला की हीटरमधून फिरून फेज थेट बॉडीवर येतो.

टब महिनोन् महिने बंद राहिला आणि चालू करताच आरसीसीबी पडला, तर बहुतेकदा हीटरच्या एलिमेंटमधल्या पावडरीने ओल धरलेली असते. एलिमेंट सुटा करून मेगर करा, वाळवा, नाही सुधारला तर बदला. आरसीसीबी बायपास करून टब चालवू नका.