विषय: लाकडाचा स्टोव्ह घरात धूर सोडतोय

मंडळी, नमस्कार.
नव्या घरात लाकडाचा स्टोव्ह आहे. पहिला दीड महिना छान चालला. गेल्या आठवड्यापासून मात्र दार उघडलं की धूर भसकन खोलीत येतो आणि संध्याकाळभरात काच काळीकुट्ट होते. रात्री आम्ही दोन मोठे ओंडके घालून हवा जवळजवळ बंद करतो, म्हणजे सकाळपर्यंत निखारे टिकतात. लाकूड कोरडं असल्याचं विकणाऱ्याने सांगितलं होतं. घरात तीन वर्षांचं मूल आहे, त्यामुळे काळजी वाटते. काय बघू?

———

ताई, नमस्कार.
आधी हे सांगा, घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? नसेल तर तो लागेपर्यंत स्टोव्ह पेटवू नका. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं सर्दीतापाची कणकण आहे. धूर खोलीत येतोय म्हणजे तोही येत असणार.

'पहिला दीड महिना छान चालला' हे तुमच्या मेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. धुराड्याची उंची बदललेली नाही, स्टोव्ह तोच आहे. म्हणजे मधल्या काळात कुठेतरी काहीतरी साचलंय. माझा पहिला संशय धुराड्याच्या टोकावरच्या टोपीच्या जाळीवर. हवा कोंडली की लाकूड जळण्याऐवजी धुमसतं. तो धूर वर जाताना साधारण 120 अंश सेल्सिअसखाली गार झाला की डांबरासारखा थर धरतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. जाळी सगळ्यात गार, म्हणून बऱ्याचदा तीच आधी बुजते. धुराडं साफ करणाऱ्या माणसाला बोलवा, स्वतः छपरावर चढू नका.

रात्रीची सवय मात्र आजपासून सोडा, ही कळकळीची विनंती. हा थर पेटला तर धुराड्यातली उष्णता 1000 अंशांच्या वर जाऊ शकते. आगगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज येतो. तसं कधी झालंच तर दार आणि हवा बंद करायची, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. स्टोव्हमध्ये पाणी ओतायचं नाही.

विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. ओलावा मोजायचं मीटर घ्या, ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचा. 20 टक्क्यांच्या खाली हवं. बाहेरून कुठलंही लाकूड कोरडंच दिसतं.

———

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. दार उघडण्याआधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा, तो घरातली हवा ओढतो आणि धूरही आत खेचतो. हवेची खटकी पूर्ण उघडा, मिनिटभर थांबा, दार बोटभर फटीवर धरा, मग सावकाश उघडा.

आणि राख! दोन दिवसांपूर्वीची, गार वाटणारी राख मी प्लास्टिकच्या बादलीत भरून लाकडी गच्चीवर ठेवली होती. सकाळी बादलीचा तळ वितळला होता आणि खालची फळी जळाली होती. राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. घट्ट झाकणाची पत्र्याची बादली घ्या आणि ती घरापासून लांब, मातीवर ठेवा. बाळासाठी भिंतीला पक्कं बसणारं लोखंडी कुंपण आजच लावा. काच तापलेली आहे हे दिसून कळत नाही.

———

काका, वहिनी, मनापासून आभार.
जाळी जवळजवळ पूर्ण बुजली होती. मीटरवर लाकूड बाहेरून 17 आलं आणि फोडल्यावर 31! तो सगळा साठा आता पुढच्या हिवाळ्यासाठी रचून ठेवला आहे, वरून झाकून, बाजू उघड्या. अलार्म प्रत्येक मजल्यावर लावले. रात्री जाळ आपोआप विझू देतो.

एक शंका उरली. दारात कागद धरून दार लावलं तर वरच्या कोपऱ्यातून तो सहज निघतो. दाराच्या कडेने फट बंद करणारी जी दोरी असते, ती घरी बदलता येते का?

———

येते. स्टोव्ह पूर्ण गार असताना जुनी दोरी आणि गोंद खरवडून काढा. नवी दोरी पुस्तिकेत दिलेल्याच जाडीची घ्या आणि बसवताना ताणू नका. मग दार लावून गोंद सुकू द्या. पण स्टोव्ह बराच जुना असेल तर त्या दोरीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तशी शंका असेल तर खरवडू नका, जाणकाराकडूनच करून घ्या.