फर्मवेअरमधून थेट कर्नल सुरू केल्यास रूट पार्टिशन सापडत नाही

प्रश्न:
माझ्या संगणकावर एकच लिनक्स आहे आणि बूट मेनूची मला गरज पडत नाही. म्हणून ग्रब हा बूट मेनू दाखवणारा प्रोग्राम काढून यूईएफआय फर्मवेअरनेच (संगणक चालू होताच मदरबोर्डवरून सुरू होणाऱ्या प्रोग्रामने) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू करावा, असे मी ठरवले. कर्नल आणि इनिटरामएफएस (सुरुवातीला मेमरीत चढणारी तात्पुरती फाइलसिस्टम) या दोन्ही फाइल ईएफआय सिस्टम पार्टिशनवर, म्हणजे फर्मवेअरला वाचता येणाऱ्या पार्टिशनवर, ठेवून एफीबूटएमजीआर या साधनाने फर्मवेअरमध्ये नवी बूट नोंद केली आणि रूट पार्टिशनचा (लिनक्सची मुख्य फाइलसिस्टम असलेल्या पार्टिशनचा) यूयूआयडी हा ओळख क्रमांक व इनिटरामएफएसचा पाथ त्या नोंदीतच दिला. कर्नल सुरू होतो, परंतु रूट फाइलसिस्टम माउंट करता येत नाही, अननोन-ब्लॉक (०,०), असा संदेश देऊन थांबतो. हेच पर्याय यूईएफआय शेलमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या कमांड लाइनवर, टाइप केले की सारे सुरळीत चालते. चूक कोठे आहे?

उत्तर १:
शेलची चाचणी आपण केली हे फार चांगले झाले, कारण त्यामुळे कर्नल, इनिटरामएफएस आणि पाथ या तिन्हींवरचा संशय दूर होतो. २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून कर्नलमध्ये ईएफआय स्टब हा, फर्मवेअरला कर्नल थेट सुरू करू देणारा, छोटा भाग आहे. तो चालू ठेवून बांधलेली कर्नलची फाइल फर्मवेअरच्या दृष्टीने इतर कोणत्याही ईएफआय प्रोग्रामसारखीच असते. शून्य-शून्य हा आकडा, म्हणजे कर्नलला रूटचे डिव्हाइस ओळखताच न येणे, पाहता पर्याय कर्नलपर्यंत पोहोचतच नसावेत. नोंद करताना ‘युनिकोड’ हा पर्याय दिला होता का? तो नसल्यास मजकूर आस्की स्वरूपात साठवला जातो आणि कर्नलला तो वाचता येत नाही.

प्रश्नकर्ता:
होय, दिला होता. नोंदींच्या तपशीलवार यादीतही पर्याय अक्षरशः जसेच्या तसे दिसतात.

उत्तर २:
मग दोष फर्मवेअरचा आहे. काही फर्मवेअर नोंदीतील पर्याय एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या कायमस्वरूपी मेमरीत) जपून ठेवतात, परंतु प्रोग्राम सुरू करताना ते पुढे देत नाहीत. यावर मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय म्हणजे युनिफाइड कर्नल इमेज: कर्नल, इनिटरामएफएस आणि कमांड लाइन (कर्नलला द्यायचे पर्याय) हे तिन्ही यूकेआयफाय या साधनाने एकाच ईएफआय फाइलमध्ये बांधावेत आणि नोंदीत केवळ त्या फाइलचा पाथ द्यावा. सिक्युअर बूट (केवळ विश्वसनीय स्वाक्षरी असलेलेच प्रोग्राम सुरू करण्याची फर्मवेअरची सोय) वापरत असाल तर याचा आणखी एक मोठा लाभ आहे: सुट्या इनिटरामएफएसची तपासणी फर्मवेअर करत नाही, येथे मात्र एकच स्वाक्षरी तिन्ही भागांना लागू होते.

उत्तर ३:
वरील उपायाशी मी सहमत आहे, मात्र ग्रब लगेच काढू नका. नवी नोंद प्रथम फर्मवेअरच्या ‘बूटनेक्स्ट’ या सेटिंगमध्ये ठेवा, ती पुढच्या एकाच वेळेपुरती वापरली जाते आणि ती फसली तर त्यानंतर नेहमीचाच क्रम लागू होतो. आधीच्या, चालत असलेल्या कर्नलची इमेजही वेगळ्या नोंदीसह ठेवा, कारण मेनू गेला की सुरू होतानाच पर्याय बदलण्याची सोयही जाते.

प्रश्नकर्ता:
युनिफाइड इमेज बांधून ‘बूटनेक्स्ट’ने चाचणी घेतली आणि संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. आता प्रत्येक कर्नल अद्ययावत झाल्यावर इमेज आपोआप बांधली जाईल अशी व्यवस्था करत आहे. ती पूर्ण होईपर्यंत ग्रब तसाच राहील. सर्वांचे मनःपूर्वक आभार.