‘डिसर्नमेंट’: विवेक, पारख की निवड?

कृष्णाकाठ_सांगली
एका रिट्रीटची (प्रार्थनेसाठी घेतलेल्या एकांत-शिबिराची) पुस्तिका मराठीत करतेय. ‘प्रार्थना आणि डिसर्नमेंट’ या प्रकरणात अडलंय. डिसर्नमेंट म्हणजे मनातली कुठली ओढ देवाकडून, कुठली नाही, हे ओळखून निर्णय घेणं. मी ‘विवेक’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘निर्णयक्षमता’ केलं. वाचताना पदोन्नतीच्या मुलाखतीची तयारी वाटते. काय ठेवू?

मिरजवाचक
विवेकच ठेवा. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र १:९ मध्ये प्रेषित पौल प्रार्थना करतो ती ‘सर्व प्रकारच्या विवेकाने’ प्रीती वाढावी अशीच. चर्चमधल्या कानाला शब्द ओळखीचा आहे.

हिणकस
चर्चमधल्या कानाला असेल, पण साताऱ्यात ‘विवेक’ म्हटलं की आधी सज्जनगड आठवतो. सारासार विवेक म्हणजे डोक्यानं तोललेलं. त्यात सदसद्विवेकबुद्धीशी गल्लत होते ती वेगळीच. १ करिंथ १२:१० ला मराठी बायबलनं ‘आत्मे ओळखण्याची शक्ती’ म्हटलंय. रोम १२:२ आणि १ योहान ४:१ इथलं ग्रीक क्रियापद तर धातू-नाणी पारखायलाही वापरत. म्हणून ‘पारख’. विट्याच्या गलाईवाल्याला विचारा: काळ्या कसोटीवर दागिना घासायचा, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढून ताडायची. हिणकस रेघ विरते, खरी टिकते.

जात्यावरचं
व्युत्पत्ती बघा राव. ‘विवेक’मधला विच् धातू मुळात वेगळं करण्याचा, पाखडण्याचा. लॅटिनमधला ‘चेर्नेरे’ही चाळण्याचाच. दोन्हीकडं सूप आणि चाळण! मग सरळ ‘निवड’ म्हणा. गहू निवडतात तशी.

हिणकस
‘प्रार्थनेतून निवड’ वाचून लोक पंचायतीची निवडणूक समजतील.

साधनावही
मंडळी, शब्द ठरवण्याआधी मूळ कृती बघा. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या साधनाग्रंथात (पोपची मान्यता १५४८) निर्णय घेण्याच्या तीन प्रकारच्या वेळा आहेत. पहिलीत शंकाच उरत नाही, पौलाला बोलावणं आलं तसं. दुसरीत सांत्वन (मन देवाकडं ओढलं जाणं) आणि उदासी (त्याच्या उलट) यांची ये-जा पाहून कळतं. तिसरीत मन शांत असतं, तेव्हा बुद्धीनं दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे मांडायचे, जिकडं पारडं झुकेल तो निर्णय घ्यायचा आणि तो परत प्रार्थनेत देवापुढं ठेवायचा. म्हणजे तिसरीला ‘विवेक’ चपखल बसतो, दुसरीला ‘पारख’. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं की पुस्तिका वाचणारा थेट फायद्या-तोट्यांचा तक्ता आखायला बसतो आणि प्रार्थना राहते बाजूला. हीच चूक सर्रास होते.

दुसरी चूक रात्रीच्या आत्मपरीक्षणात. क्रम असा: आभार, प्रकाश मागणं, दिवसाचा तासातासानं आढावा, क्षमा, उद्याचा निश्चय. साधारण पंधरा मिनिटं. लोक आढाव्यात फक्त पापांची यादी करतात. मन कुठं हलकं झालं, कुठं जड झालं, हे टिपतच नाहीत. मग पारखायला हातात काही उरत नाही.

मिरजवाचक
मान्य, पण ‘पारख’मध्ये पारखणारा मीच होतो. प्रार्थनेत तर मागून मिळतं ना? शलमोन राजानं देवाकडं शहाणपण मागितलं तसं.

साधनावही
दोन्ही. देणगी मागायची, पण त्या ग्रंथातले आत्मे पारखायचे नियम पाठ हवेत: साधनेच्या पहिल्या आठवड्याचे १४, दुसऱ्याचे ८. चांगल्याकडून अधिक चांगल्याकडं चाललेल्या माणसात चांगला आत्मा स्पंजवर थेंब पडावा तसा अलगद शिरतो, वाईट आत्मा दगडावर पाणी आपटावं तसा. आणि सगळ्यात कामाचा नियम: उदासीच्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. उलट तासाची प्रार्थना असेल तर तासाहून थोडी जास्तच करायची.

जात्यावरचं
थांबा, ‘उदासी’ कशी चालेल? त्याच ग्रंथातल्या ‘इंडिफरन्स’ला (हेच हवं, तेच हवं असा हट्ट नसण्याला) काही जण ‘उदासीनता’ म्हणतात. एक असताना निर्णय बदलू नये, दुसरी असल्याशिवाय घेऊ नये. अक्षराचा फरक, आणि अर्थ पार उलटा!

हिणकस
मग ‘इंडिफरन्स’ला ‘अलिप्तता’ म्हणा, उदासीला ‘शुष्कता’.

साधनावही
शुष्कता नको. प्रार्थना कोरडी असूनही माणूस देवाकडं वळलेला असू शकतो. इग्नेशियसची उदासी म्हणजे अंधार, अस्वस्थता, हलक्या गोष्टींकडं ओढ, आळस.

जात्यावरचं
मग ‘ओसाडी’! मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थही तोच. आटपाडीत समजावून सांगावं लागणार नाही.

मिरजवाचक
ओसाडी गावाला येते हो, जिवाला नाही.

जात्यावरचं
जिवालाही येते. ‘मन ओसाड पडलं’ म्हणतोच की आपण.

कृष्णाकाठ_सांगली
अहो, माझं पहिलं पान उद्या छापायला जायचंय. शीर्षकाचं काय?

हिणकस
पारख.

मिरजवाचक
विवेक.

जात्यावरचं
ताई, शीर्षक राहू द्या. आधी ‘ओसाडी’चं ठरवा, आत तो शब्द कितीदा आलाय?